जुन्या वेगास नवा लगाम

घोड्याची परीक्षा त्याच्या धावेवरून होते, आणि स्वाराची परीक्षा त्याच्या लगामावरून. मोटारीच्या बाबतीत मात्र लोक पहिली परीक्षा करतात आणि दुसरी विसरतात. एखादी जुनी स्पोर्ट्स कार रस्त्याने गेली की पाहणारे विचारतात, "किती वेगाने जाते?" ती किती अंतरात थांबते, असे विचारणारा क्वचितच भेटतो. वास्तविक मनुष्याचे प्राण पहिल्या प्रश्नाच्या उत्तरापेक्षा दुसऱ्याच्या उत्तरावर अधिक अवलंबून असतात.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पंचवीस वर्षांत इंग्लंडमधील कारखान्यांनी लहान, उघड्या, दोन आसनांच्या ज्या मोटारी जगभर पाठविल्या, त्यांची मोहिनी अद्याप ओसरलेली नाही. अ‍ॅबिंग्डन गावच्या एम.जी. कारखान्यातून १९५५ ते १९६२ या काळात एम.जी.ए. ही मोटार एक लाखाहून अधिक संख्येने बाहेर पडली. तिच्यामागून आलेली एम.जी.बी. १९६२ पासून १९८० पर्यंत बनत राहिली व तिची संख्या पाच लाखांच्या वर गेली. कॉव्हेंट्रीच्या ट्रायम्फ मोटारींची कथाही अशीच आहे. मॉरिशस बेटावर १९६८ पर्यंत इंग्रजांची सत्ता होती आणि येथील वाहतूक आजही डाव्या बाजूनेच चालते. त्यामुळे इंग्लंडच्या रस्त्यांसाठी घडविलेली मोटार येथे काही न बदलता चालू शके. उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या पिढीने ज्या वाहनाकडे रस्त्याच्या कडेला उभे राहून केवळ पाहावे, ते वाहन आज तिच्या नातवाला स्वतःच्या अंगणात ठेवता येते, स्वतःच्या हातांनी उघडून दुरुस्त करता येते. या आनंदात गैर काहीच नाही. परंतु साठ वर्षांपूर्वीच्या रस्त्यासाठी केलेले ब्रेक घेऊन आजच्या रस्त्यावर उतरावयाचे असेल, तर त्या ब्रेकांचा विचार प्रथम केला पाहिजे. कारण पुढे चालणारी आधुनिक मोटार एकाएकी थांबते तेव्हा मागच्या जुन्या मोटारीलाही तितक्याच अंतरात थांबावे लागते; तिच्या वयाकडे पाहून रस्ता तिला काही सवलत देत नाही.

ब्रेक म्हणजे उष्णतेचा व्यवहार

ब्रेक वेगाचा नाश करतो असे आपण सहज बोलतो. शास्त्राच्या दृष्टीने तो वेगाचे रूपांतर उष्णतेत करतो. १,००० किलो वजनाची मोटार ताशी १०० किलोमीटर वेगाने धावत असताना तिच्यात सुमारे ३८६ किलोज्यूल इतकी गतिज ऊर्जा साठलेली असते. तिला थांबविताना ही जवळजवळ सर्व ऊर्जा चार चाकांजवळच्या लोखंडात काही सेकंदांत उतरते. तेवढ्या उष्णतेने सव्वा लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत तापविता येईल. वेग निम्मा केला तर ही ऊर्जा निम्मी होत नाही, चतुर्थांश होते. म्हणूनच ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार चांगल्या रस्त्यावर साधारण १२ मीटरांत थांबत असेल, तर १०० किलोमीटरला तिला सुमारे ४९ मीटर लागतात. चालकाला संकट दिसून त्याचा पाय पेडलवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर त्या अवधीत मोटार आणखी २८ मीटर पुढे गेलेली असते.

उताराचा हिशोब याहूनही बोलका आहे. क्युरपीप हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर वसलेले आहे. तेथून पोर्ट लुईच्या किनाऱ्यापर्यंत उतरताना १,००० किलोची मोटार जी ऊर्जा गमावते, ती ताशी १०० किलोमीटरच्या वेगापासून चौदा वेळा थांबण्याइतकी भरते. यातील बराच भाग वाऱ्याचा विरोध व इंजिन खाऊन टाकतात हे खरे. तथापि जो चालक न्यूट्रलमध्ये मोटार सोडून केवळ ब्रेकवर विसंबून उतरतो, तो इंजिनाचा वाटाही ब्रेकांच्या अंगावर घालतो. काझ नोयालहून शामारेलकडे जाणारी वळणावळणांची चढण परतीच्या वेळी उतरण होते, हे तेथे जाणाऱ्या कोणासही सांगावयास नको. ३ मे २०१३ रोजी पोर्ट लुईकडे उतरणाऱ्या एका बसला सोरेझ येथे जो भीषण अपघात झाला, त्यात १० जणांनी प्राण गमावले. बेटावरील प्रत्येक घराने त्या दिवशी ब्रेक या शब्दाचा अर्थ नव्याने जाणला. बस काय आणि लहान मोटार काय, उताराचा नियम दोघींना एकच.

ड्रमकडून डिस्ककडे

युद्धोत्तर काळातील बहुतेक मोटारींच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी ड्रमच्या आत अर्धचंद्राकृती दोन शू बसविलेले असतात. पेडल दाबताच तेलाच्या दाबाने ते बाहेरच्या बाजूस सरकतात, आणि त्यांच्यावरील लायनिंग ड्रमच्या आतील अंगावर घासू लागते. या रचनेत एक चातुर्य आहे. ड्रमच्या फिरण्याच्या दिशेने पुढे असणारा शू घर्षणामुळे आपोआप अधिक आत ओढला जातो आणि थोड्या श्रमात पुष्कळ जोर मिळतो. १९५० साली आलेल्या एम.जी.च्या टी.डी. मोटारीच्या पुढच्या चाकांत दोन्ही शू अशाच प्रकारे काम करीत.

परंतु जो गुण तोच दोष ठरतो. ड्रम हे एक झाकलेले भांडे आहे. त्यातील उष्णता सहज बाहेर पडत नाही. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे शूपासून दूर जातो, आणि पेडल खाली खाली जाऊ लागते. त्याच वेळी तापलेल्या लायनिंगची पकडही कमी होते. चालक अधिक जोराने पाय दाबतो, त्याने उष्णता आणखी वाढते, आणि ज्या क्षणी ब्रेकची खरी गरज असते नेमक्या त्याच क्षणी तो हात आखडता घेतो. पाण्यातून गेल्यावर ओला झालेला ड्रमही काही काळ असाच दगा देतो.

डिस्क ब्रेकमध्ये फिरणारी लोखंडी तबकडी उघड्या हवेत असते व दोन्ही बाजूंनी पॅड तिला चिमटीत धरतात. तबकडी तापून जाड झाली तर ती पॅडच्या जवळच येते, दूर जात नाही. पाणी तिच्यावरून झटकले जाते. ही कल्पना नवी नव्हती. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ सालीच तिचे पेटंट घेतले होते. पण त्या काळी घासण्यासाठी तांबे वापरावे लागे, त्याचा कर्कश आवाज होई आणि ते लवकर झिजे. कल्पना योग्य होती, परंतु तिला साजेसा पदार्थ अद्याप जन्मास यावयाचा होता.

त्यानंतर अर्धशतक लोटले. १९५२ साली फ्रान्समधील रेम्स येथे स्टर्लिंग मॉसने डनलॉपच्या डिस्क ब्रेकांची जॅग्वार सी-टाइप मोटार चालवून शर्यत जिंकली. पुढच्याच वर्षी ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत टोनी रोल्ट व डंकन हॅमिल्टन यांनी अशाच मोटारीने विजय मिळविला, आणि त्या शर्यतीत प्रथमच विजेत्याचा सरासरी वेग ताशी १०० मैलांच्या पुढे गेला. ज्याला उशिरा ब्रेक लावता येतो तो सरळ रस्त्यावर अधिक वेळ वेगात राहू शकतो, हे रहस्य त्या दिवशी सर्वांस उमगले. थांबण्याच्या सामर्थ्यानेच धावण्याचे सामर्थ्य वाढविले होते.

शर्यतीतील शोध लवकरच सामान्य गिऱ्हाइकापर्यंत आला. १९५६ साली ट्रायम्फच्या टी.आर. ३ मोटारीला पुढच्या चाकांवर डिस्क मिळाल्या. १९५९ साली एम.जी.ए. १६०० तशीच सजली. १९६२ मध्ये एम.जी.बी. बाहेर पडली ती पुढे पावणेअकरा इंची डिस्क आणि मागे दहा इंची ड्रम घेऊनच. म्हणजे ज्याच्याजवळ १९५९ पूर्वीची एम.जी.ए. आहे त्याच्यासमोर ड्रमच्या जागी डिस्क बसवावी काय हा प्रश्न आहे. आणि ज्याच्याजवळ एम.जी.बी. आहे त्याच्यासमोर आहे ती डिस्क अधिक समर्थ कशी करावी हा प्रश्न आहे.

आधी दुरुस्ती, मग सुधारणा

येथे पुष्कळांची एक चूक होते. पेडल मऊ लागते, मोटार एका बाजूस ओढते, थांबावयास वेळ लागतो; तेव्हा मालक मोठ्या डिस्कची जाहिरात पाहून पैसे मोजतो. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, अशी ही तऱ्हा झाली. जुन्या मोटारीचे ब्रेक मंद असण्याचे कारण पुष्कळदा रचनेत नसून तिच्या जीर्णतेत असते. ज्या स्थितीत ती कारखान्यातून बाहेर पडली त्या स्थितीत तिचे ब्रेक आणून ठेवले, तर अर्ध्याहून अधिक तक्रारी आपोआप मिटतात.

प्रथम ब्रेक ऑइल पाहावे. नेहमीच्या वापरातील ग्लायकॉल जातीचे ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो. पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की केवळ १५५ अंशांचीच शाश्वती उरते. लांब उतारावर कॅलिपर तापले, आतील पाण्याची वाफ झाली, की पेडल जमिनीला टेकते. कारण वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. क्युरपीप, वाक्वा यांसारख्या पावसाळी व दमट गावी राहणाऱ्यांनी दर दोन वर्षांनी हे ऑइल पूर्णपणे बदलावे, हा नियम कंजूषपणाने मोडण्याजोगा नाही. सिलिकॉन जातीचे डॉट ५ ऑइल पाणी शोषीत नाही व रंगावर सांडले तरी रंग उडवीत नाही, म्हणून वर्षातून चार वेळा बाहेर निघणाऱ्या मोटारीसाठी काही जण ते पसंत करतात. परंतु त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकून राहतात व पेडल किंचित मऊ लागते. ग्लायकॉलमध्ये ते कधीही मिसळू नये. नावात केवळ एका अंकाचा फरक असला तरी डॉट ५.१ हे ग्लायकॉलच्याच कुळातले आहे, हेही ध्यानात ठेवावे.

त्यानंतर रबरी होजपाईप तपासावेत. बाहेरून धडधाकट दिसणारा जुना पाईप आतून सुजून बंद होऊ शकतो. पेडल दाबताना जोरामुळे ऑइल पुढे जाते, पण पाय काढल्यावर परत येत नाही. चाक धरून राहते, तापते, आणि मोटार एका बाजूस ओढू लागते. पोलादी नळ्या खाली गंजतात. त्यांच्या जागी तांबे व निकेल यांच्या मिश्रधातूच्या नळ्या घातल्या तर गंजाची भीती राहत नाही. पोलादी तारेचे वेष्टण असलेले होजपाईप दाबाखाली कमी फुगतात, त्यामुळे पेडल कणखर लागते. ही खर्चाने लहान पण गुणाने मोठी सुधारणा होय.

मास्टर सिलिंडर, चाकांतील सिलिंडर व कॅलिपर यांतील रबरे बदलावीत. डिस्क वाकडी किंवा ठरलेल्या जाडीहून पातळ झाली असेल तर ती टाकून द्यावी. मागील ड्रमचे अंतर नीट जुळवून घ्यावे. केवळ एवढ्यानेच पेडल कित्येकदा एक इंच वर येते.

ड्रम उघडताना एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे. इंग्लंडमध्ये त्याचा वापर १९९९ साली संपूर्ण बंद झाला, पण जुन्या मोटारीच्या ड्रममध्ये त्याची धूळ आजही साचलेली असू शकते. ती फुंकून किंवा हवेच्या झोताने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी, फडके पिशवीत बंद करून टाकावे आणि त्या वेळी मुलांना जवळ येऊ देऊ नये. ही धूळ फुप्फुसात गेली तर तिचा परिणाम कित्येक वर्षांनी प्रकट होतो.

सुधारणेची पायरी

एवढे केल्यावरही अधिक सामर्थ्य हवे असेल तर पायरीपायरीने जावे. पहिली पायरी पॅडची. उत्तम प्रतीचे पॅड घातल्यास तीच डिस्क अधिक उष्णता सोसूनही पकड टिकविते. पण शर्यतीसाठी बनविलेले कठीण पॅड रस्त्याच्या मोटारीला घालू नयेत. ते चांगले तापल्यावाचून चावत नाहीत. सकाळी घरातून निघताच पहिल्या चौकात मूल आडवे आले तर थंड पॅड काय कामाचे?

दुसरी पायरी डिस्कची. एम.जी.ए.च्या जुन्या ड्रमच्या मोटारीला तिच्याच घराण्यातील १६०० चे पुढील भाग बसविता येतात. ते परके वाटत नाहीत. मात्र एक छोटी गोष्ट विसरली जाते. ड्रम ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमध्ये नळीत थोडा दाब शिल्लक ठेवणारी एक झडप असते. तीच व्यवस्था डिस्कसाठी तशीच ठेवली तर पॅड सदैव डिस्कला चिकटून राहतात, डिस्क विनाकारण तापते, आणि सुधारणाच रोग बनते. म्हणून तो भागही डिस्कला योग्य असाच घ्यावा.

एम.जी.बी.च्या मालकाला असाच घरचा मार्ग उपलब्ध आहे. १९७३ ते १९७६ या काळात निघालेल्या साडेतीन लिटरच्या व्ही-८ इंजिनाच्या एम.जी.बी. जी.टी.साठी कारखान्याने अधिक जाड डिस्क व तिला साजेसे कॅलिपर वापरले होते. जाड डिस्क म्हणजे अधिक लोखंड. आणि अधिक लोखंड म्हणजे तेवढीच उष्णता कमी तापमानात सामावून घेण्याची शक्ती. साध्या एम.जी.बी.ला ही जोडी पुरून उरते. याच्याही पुढे मध्ये पोकळ, वारा खेळविणाऱ्या डिस्क व चार पिस्टनांचे कॅलिपर मिळतात. शर्यतीच्या मैदानावर त्यांचा उपयोग आहे. परंतु तारांच्या चाकाच्या आत ते मावतात की नाही, हे विकत घेण्यापूर्वी मोजून पाहावे. डिस्कला पाडलेली भोके दिसावयास मोहक असतात. तथापि रस्त्यावरील मोटारीला त्यांचा फारसा लाभ होत नाही, आणि तापून थंड होण्याच्या फेऱ्यांत भोकांच्या कडेने तडे जाण्याचा संभव वाढतो. दिसते तसे नसते, हेच खरे.

तिसरी गोष्ट सर्व्होची. पुष्कळांचा समज असा की सर्व्हो बसविला की मोटार लवकर थांबते. सर्व्हो इंजिनातील निर्वाताच्या साहाय्याने चालकाच्या पायाला मदत करतो, एवढेच. ज्याचा पाय मूळचाच चाके जखडू शकतो त्याला सर्व्होने थांबण्याचे अंतर कमी होत नाही, श्रम कमी होतात. ज्येष्ठ मनुष्याच्या किंवा दुबळ्या पायाच्या चालकाला मात्र हे साहाय्य मोलाचे आहे. इंजिन बंद पडले की सर्व्होत साठलेली मदत एकदोन दाबांतच संपते. म्हणून पेट्रोल वाचविण्यासाठी उतारावर इंजिन बंद करण्याची जुनी सवय अशा मोटारीत प्राणघातक ठरू शकते.

चौथी पायरी बाहेरून दिसत नाही व तिचे कोणी कौतुकही करीत नाही, परंतु जीवाच्या दृष्टीने तिचे महत्त्व कदाचित सर्वांत अधिक आहे. त्या काळच्या मोटारीत मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंत ऑइलाचा एकच मार्ग असे. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. उरला तो केवळ हँडब्रेक. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून नव्या मोटारींना दोन स्वतंत्र मार्ग असणे नियमाने आवश्यक झाले, आणि तेथे जाणाऱ्या एम.जी.बी.ला त्या सुमारास तशी व्यवस्था मिळाली. इंग्लंडमधील व इतरत्रच्या पुष्कळ मोटारी नंतरही एकाच मार्गावर चालत राहिल्या. दुहेरी मास्टर सिलिंडर बसविताना पेडलभोवतीचे भाग व नळ्या बदलाव्या लागतात, खर्च होतो. पण एक मार्ग तुटला तरी दुसरा उरतो. घरात दोन मुलगे असावेत म्हणजे एक आजारी पडला तरी दुसरा घर सांभाळील, असे जुनी माणसे म्हणत. तसाच हा विचार आहे.

तोल सांभाळावा

ब्रेक जितका जोरदार तितका चांगला, असे मानणे भ्रामक आहे. मोटार थांबू लागली की तिचे वजन पुढे झुकते. १,००० किलोच्या मोटारीचा गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंचीवर व चाकांमधील अंतर २.३ मीटर धरले, तर कडक ब्रेक लावताना सुमारे १७० किलोंचा भार मागच्या चाकांवरून पुढच्या चाकांवर जातो. म्हणजे जिथे प्रत्येकी ५०० किलो होते तिथे पुढे ६७० व मागे ३३० उरतात. त्यामुळे मागचे ब्रेक पुढच्यांहून सौम्य असले पाहिजेत. मागची चाके आधी जखडली तर मोटार स्वतःभोवती गिरकी घेते, आणि ओल्या वळणावर ती गिरकी कोणालाही सावरता येत नाही. पुढे डिस्क बसवून मागे पूर्वीचेच मोठे सिलिंडर ठेवणारा किंवा हौसेने मागेही भारी डिस्क बसविणारा मनुष्य कारखान्यातील अभियंत्यांनी परिश्रमपूर्वक साधलेला तोल नकळत बिघडवीत असतो. हँडब्रेक मागील ड्रमवर चालतो आणि तो तेथेच उत्तम चालतो; हेही मागचे ड्रम राखण्याचे एक कारण आहे.

मास्टर सिलिंडर व कॅलिपर यांचेही असेच नाते आहे. कॅलिपरचे पिस्टन मोठे केले तर त्यांना अधिक ऑइल लागते, आणि पेडलचा प्रवास लांबतो. तो कमी करण्यासाठी मास्टर सिलिंडर मोठा घेतला तर पेडल कठीण होते. एक भाग बदलला की दुसऱ्याची विचारपूस करावी लागते. एकत्र कुटुंबात जसे एकाच्याच ताटात जास्त वाढून भागत नाही, तसेच येथेही आहे.

शेवटी मोटार थांबविते ते टायर. ब्रेक चाकाला थांबवितो. रस्ता आणि टायर मिळून मोटारीला थांबवितात. दहा वर्षे गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या मोटारीचे टायर नक्षीने नवे दिसले तरी त्यांचे रबर कडक झालेले असते. अशा टायरवर जगातील सर्वोत्तम डिस्क बसविली तरी तिचा परिणाम चाक लवकर जखडण्यापलीकडे काही होत नाही. म्हणून ज्याच्याजवळ पैसे मोजकेच आहेत त्याने प्रथम ऑइल, होजपाईप व टायर यांवर खर्च करावा, मग पॅडवर, आणि डिस्कचा विचार सर्वांच्या शेवटी करावा.

काम करणाऱ्याचे कर्तव्य

ब्रेकचे काम हौशी मनुष्याने करू नये असे नाही. पण ते अर्धवट ज्ञानाने करू नये. मोटार जॅकवर सोडून तिच्याखाली शिरू नये, भक्कम स्टँड लावावेत. हवा काढताना दोघे असावेत. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने चाकाजवळ काचेच्या बाटलीत बुडबुडे संपेपर्यंत पाहावे, आणि मास्टर सिलिंडरमधील ऑइल कधीही तळाशी जाऊ देऊ नये. काम संपल्यावर पेडल मिनिटभर पूर्ण जोराने दाबून धरावे व प्रत्येक जोड बोटाने चाचपावा; ओलसर लागला तर मोटार हलवू नये. नवे पॅड प्रथम मध्यम वेगावरून पुनःपुन्हा हळुवार लावून डिस्कशी जुळवून घ्यावेत. पहिली चाचणी मोकळ्या, सपाट जागी, एकट्याने घ्यावी. कुटुंबाला शेजारी बसवून नव्या ब्रेकची परीक्षा पाहणे हे धाडस नव्हे, अविचार आहे. बदल केल्याचे विमा कंपनीस कळविणेही मालकाच्याच हिताचे असते. आणि ब्रेक कितीही सुधारले तरी उतार उतरताना खालचा गिअर टाकावयाचा असतो, हा धडा जुनाच राहतो.

काही शौकिनांना असा बदल म्हणजे वस्तूचा अपमान वाटतो. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. जुनी मोटार म्हणजे तिच्या काळाचा दस्तऐवज. ती जितकी मूळ रूपात राहील तितका तो दस्तऐवज खरा. परंतु दस्तऐवज कपाटात राहतो आणि मोटार रस्त्यावर येते. या दोहोंचा समन्वय अशक्य नाही. बदल असे करावेत की ते पुढे उलटविता येतील. पत्रा कापू नये, मूळ भागांवर नवी भोके पाडू नयेत. काढलेले ड्रम, कॅलिपर व सिलिंडर तेल लावून, चिठ्ठी बांधून, पेटीत ठेवावेत. पुढच्या पिढीला मोटार पूर्ववत करावीशी वाटली तर तिला ती पेटी सापडली पाहिजे.

समुद्र ओलांडून आलेल्या पूर्वजांनीही हेच केले. जे टाकणे भाग होते ते त्यांनी टाकले, जे नव्या भूमीत आवश्यक होते ते घेतले, आणि मूळचे जे होते ते पेटीत बांधून नातवंडांसाठी जपून ठेवले. त्यामुळे जुन्याचा मानही राहिला आणि घरातील माणसेही सुखरूप राहिली. जुन्या मोटारीच्या मालकाला याहून निराळे काही करावयाचे नाही. तिला जुन्या डौलाने धावू द्यावे, आणि ती थांबेल अशी खात्री करूनच तिच्यात मुलांना बसवावे.